ज्याच्यावर प्रँक झाला, त्याचं काय?

"मॅडम, त्यात शिव्या नाहीत, मारामारी नाही, नुसता गेम आहे. मग बघू द्यायचे की नाही?" गेमिंग प्रँकच्या, म्हणजे व्हिडिओ गेम खेळता खेळता कोणाची तरी फजिती करण्याच्या व्हिडिओंबद्दल हा प्रश्न आई-वडील मला अगदी याच शब्दांत विचारतात. त्यांना हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर हवं असतं. ते मी का देत नाही, हे एका मुलाच्या गोष्टीवरून सांगते. त्याच्या घरच्यांनी लिहायला परवानगी दिली आहे. इथे त्याला दादू म्हणूया. वय नऊ, इयत्ता चौथी, राहायला नाशिकला पंचवटीत.

दादूचे वडील अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला. एका दुपारी त्यांच्या मोबाइलवर मुलाचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला: "बाबा, आजी पडली, बोलत नाहीये, लवकर या." त्यांनी उलट फोन लावला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. गाडी काढून भर उन्हात ते शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आले. दार उघडलं तर आजी कॉटवर बसून मेथी निवडत होत्या आणि कपाटामागून दादू मोबाइल रोखून बाहेर आला, "प्रँक हो गया!"

वडिलांनी त्याला एक मारली. मग बाथरूमचं दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. दादूला बसलेल्या मारापेक्षा त्या बंद दाराचं जास्त कोडं पडलं होतं. आईने त्याला माझ्याकडे आणलं तेव्हा तो मला म्हणाला, "पण आजीला काही झालंच नव्हतं. मग बाबा चिडले कशाला? उलट बरं वाटायला पाहिजे ना."

हे वाक्य उद्धट नाही. नऊ वर्षांच्या मुलाचं ते सरळ गणित होतं. वाईट घडलेलंच नाही, मग त्रास कसला? प्रँकच्या व्हिडिओत तो रोज हेच बघत होता. शेवटी सगळं खोटं निघतं, समोरचा "अरे यार" म्हणतो, आणि पुढचा व्हिडिओ लागतो.

दुसऱ्या भेटीला मी आई-वडील दोघांना बोलावलं, आणि दादू ज्यावर व्हिडिओ बघतो तो मोबाइलही आणायला सांगितला. तो आईचा होता. खातंही आईचंच, म्हणजे यूट्यूबच्या दृष्टीने बघणारी व्यक्ती पस्तिशीची बाई. त्यामुळे त्याला जे सुचवलं जात होतं, त्यात वयाचा विचार कुठे नव्हताच. वडील म्हणाले, "मी गेमचं रेटिंग बघितलं होतं. माइनक्राफ्ट सात वर्षांच्या पुढे चालतो." त्यांचं बरोबर होतं, गेमना वयाचं रेटिंग देणाऱ्या युरोपातल्या पेगी पद्धतीत माइनक्राफ्टला, म्हणजे ठोकळ्यांनी घरं बांधायच्या या गेमला, 7 हेच वय दिलेलं आहे. पण ते रेटिंग गेमचं. तो गेम खेळता खेळता कोणी व्हिडिओत काय बोलतं, कोणाला रडवतं, कोणावर हसतं, याचं रेटिंग त्यात येत नाही. बघितलेल्या व्हिडिओंची यादी खाली सरकवली तर मधेच जीटीए फाइव्ह या गुन्हेगारीवरच्या गेमचे प्रँकही होते. पेगीने तो गेम 18 वर्षांवरच्यांसाठी ठरवलेला. त्यात कार्टूनमधलं लहान मूल आणून घातलं होतं, त्यामुळे चित्रावरून कोणालाही तो बाळगोपाळांचाच वाटावा.

मी दादूलाच म्हटलं, तुझा आवडता लाव. त्याने जो लावला तो बघून मला खरोखर आनंद झाला. माइनक्राफ्टमध्ये एकाने मित्राच्या घरात कोंबड्या भरल्या होत्या. पलंगावर, चुलीवर, जिन्यात, सगळीकडे कोंबड्या. दादू समजावून सांगत होता, "अंडी फेकायची असतात. आठ अंड्यांतून एखादंच पिल्लू निघतं, म्हणून त्याला खूप अंडी जमवावी लागली." मित्र दार उघडतो, दोघं हसून लोळतात, मग मिळून कोंबड्या बाहेर काढतात. यात आठात एकचा हिशोब होता, चिकाटी होती, आणि कोणाचं काही मोडलं नव्हतं. असे व्हिडिओ मुलांनी जरूर बघावेत असं माझं मत आहे.

दुसऱ्या व्हिडिओतही माइनक्राफ्टच होता आणि तीच दोन मुलं. एकाने कित्येक दिवस खपून घर बांधलेलं. दुसऱ्याने त्याच्या जमिनीखाली टीएनटी, म्हणजे गेममधली स्फोटकं, पुरला, वर परत लाकडी फरशी घातली आणि वाट बघत बसला. घर उडालं. मित्राचा आवाज बारीक झाला, "भाई, ये क्यों किया?" आणि त्याच्यावर दुसऱ्याचं हसणं, जवळजवळ मिनिटभर, मधे मधे तोच क्षण पुन्हा दाखवत.

दादू म्हणाला, "तो खरा नाही रडत. ते ठरवून करतात."

"तुला कसं कळलं?"

"पुढच्या व्हिडिओत ते परत मित्र असतात ना."

किती नेमकं निरीक्षण! मुलांना काही कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकायला हवं. मी विचारलं, "म्हणजे त्याला आधी माहीत असतं. मग बाबांना माहीत होतं का?"

तो माझ्याकडे न बघता मोबाइलच्या कव्हरची कड नखाने उचकटत राहिला. मी थांबले. अशा वेळी मोठ्यांनी बोलायची घाई केली की मूल उत्तर शोधायचं सोडून देतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आमचा किल्ला पाडला होता." गेल्या दिवाळीत बिल्डिंगखाली त्याने आणि ताईने चार दिवस माती कालवून किल्ला केला होता, अळीव पेरून हिरवा केला होता. मोठ्या मुलांनी पाडव्याच्या रात्री त्यावर सुतळी बॉम्ब लावला. "ते पण हसत होते," तो म्हणाला.

मग वडील बोलले. मी त्यांना काहीच सुचवलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले तेव्हा ते असेच कामावर होते, आणि असाच फोन आला होता. "मी गाडीवर येताना तुझ्या आजोबांनाच बघत होतो," एवढंच म्हणाले. दादू उठून त्यांच्या खुर्चीला टेकून उभा राहिला.

समोरच्याच्या मनात आधीचं काय साठलेलं आहे, हे प्रँक करणाऱ्याला ठाऊक नसतं. व्हिडिओ ते दाखवत नाही, आणि मुलाला आपण होऊन ते दिसत नाही. म्हणून व्हिडिओ योग्य की अयोग्य हे ठरवताना मी सगळ्यात आधी ज्याच्यावर प्रँक झाला त्याच्याकडे बघते. शेवटी तो हसतो का? त्याचं मोडलेलं परत जुळवून देतात का? त्याने "नको" म्हटल्यावर थांबतात का?

याच कारणासाठी एका प्रकाराला मी ठाम नाही म्हणाले. फ्री फायर या ऑनलाइन गोळीबाराच्या गेममध्ये आवाज बदलून मुलगी असल्याचं भासवायचं, अनोळखी खेळाडूशी गोड बोलून त्याच्याकडून डायमंड (गेममधलं, पैसे देऊन घ्यायचं चलन) किंवा स्किन (पात्राचा पोशाख) मागायची आणि मग त्याला उघडं पाडायचं. इथे समोरचा ठरवून आलेला मित्र नाही. तो कुठल्यातरी गावातला बारा-तेरा वर्षांचा मुलगाही असू शकतो, आणि हजारो लोक त्याच्या बोलण्याच्या लकबीवर हसतात. शिवाय गोड बोलून वस्तू काढून घेणं हे उद्या कोणी दादूशीही करेल. तेव्हा त्याला ती गंमतच वाटली, तर तो घरी सांगणार कसा?

यूट्यूबच्या नियमांत धोकादायक प्रँक आणि लहान मुलांना मानसिक धक्का देणारे प्रँक चालत नाहीत, 2019 साली कंपनीने हे स्पष्टही केलं. पण खेळातलं घर उडवून मित्राला हिणवणं सहसा त्यात बसत नाही. ती पारख घरीच करावी लागते.

आईला मी एक साधी गोष्ट करायला सांगितली. व्हिडिओ चालू असताना मोबाइल ओट्यावर पालथा ठेवा आणि दोन मिनिटं फक्त ऐका. चित्र रंगीबेरंगी असतं, ते आपल्याला भुलवतं. आवाजात किंचाळणं, हिणवणं, "सबस्क्राइब करो वरना" ची धमकी, सगळं उघडं पडतं. आठवडाभराने त्या म्हणाल्या, "पोळ्या लाटताना रोज कानावर पडत होतं, पण मी कधी ऐकलंच नव्हतं."

बाकीचं तांत्रिक काम पंधरा-वीस मिनिटांचं. दादूसाठी पालकांच्या देखरेखीचं वेगळं खातं केलं, नऊ वर्षांच्या पुढचा टप्पा निवडला, आपोआप पुढचा व्हिडिओ लागणं बंद केलं, दोन चॅनेल त्याच्यासमोर, कारण सांगून अडवले. सरसकट बंदी मी घालू दिली नाही. बंदी घातली असती तर तो शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर तेच बघत राहिला असता, आणि तिथे त्याला कोणी प्रश्न विचारला नसता.

आणखी एक गोष्ट आईनेच काढली, आणि ती महत्त्वाची आहे. दादू सहा वर्षांचा असताना त्याने तिच्या पिठाच्या डब्यात रबरी पाल ठेवली होती. ती किंचाळली, वडिलांनी ते मोबाइलवर टिपलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी दादूचं कौतुक केलं. "मला ते आवडलं नव्हतं," ती आता म्हणाली. नवऱ्याने हे पहिल्यांदाच ऐकलं.

घरात आता एक नियम आहे, तो दादूनेच केला: पडणं, आजारपण, अपघात, हरवणं यावर प्रँक नाही. आणि बाबांना निरोप पाठवताना तो सुरुवातीला स्वतःहून सांगतो. परवाचा निरोप वडिलांनी मला ऐकवला: "बाबा, प्रँक नाही, खरंच. येताना कोथिंबीर आणा."

"तरी मी एकदा फोन करून घेतोच, मॅडम," ते म्हणाले.