"मॅडम, माझी डावी बाजू मागं आहे"

मी समुपदेशक, आणि हे वाक्य मी कोल्हापुरात इतक्या पोरांच्या तोंडून ऐकलंय की आता दारातून आत येणाऱ्याच्या खांद्यांवरूनच ओळखते. कुणाचा डावा दंड बारीक, कुणाची छाती एका बाजूला सपाट, तर कुणाला शर्ट एकीकडे सैल वाटतो. बहुतेकांना आई घेऊन येते, "हा आरशापुढनं हलत न्हाई" म्हणून. तालमीच्या गावात वाढलेल्या पोरांना ही काळजी लागावी याचं मला नवल वाटतं. पहिलवान पवित्र्यात उभा राहतो तोच मुळी एक पाय पुढे टाकून, आणि गदा फिरवतो तीही एका वेळी एका खांद्यावरून. टेप घेऊन दंड मोजत बसलेला वस्ताद काही मी पाहिलेला नाही.

अशा सगळ्यांसाठी एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत आणि आठ भेटी चार संवादांत बसवल्यात.

त्याला टेपवाला म्हणू. वय 23, कापडाच्या दुकानात कामाला. खिशात शिंप्याची टेप. उजवा दंड साडेचौदा इंच, डावा चौदा. रोज सकाळी, संध्याकाळी आणि जिममधून आल्यावर, असं तीनदा मोजायचा आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवायचा. कुठल्याशा रीलवर ऐकून त्यानं बेंच प्रेसच्या, म्हणजे उताणं झोपून छातीवरून वर ढकलायच्या, रॉडला डावीकडे अडीच किलोची जास्तीची प्लेट लावायला सुरुवात केली. एक दिवस डावी बाजू खाली गेली. प्लेटा अडवणारे लॉक लावलेले नव्हते, त्यामुळे डावीकडच्या प्लेटा सटकल्या आणि हलका झालेला रॉड उजवीकडे उलटला. थोडक्यात वाचला. जिमच्या सरांनी दुसऱ्या दिवशी त्याला माझ्याकडे पाठवलं.

"माझी डावी चेस्ट अ‍ॅक्टिव्हेटच होत न्हाई, मॅडम."

"हे कुणी सांगितलं?"

"व्हिडिओत मशिनचा ग्राफ दाखवतात की. एवढे टक्के, तेवढे टक्के."

तो ग्राफ खोटा नसतो. कातडीवर चिकट पट्ट्या लावतात आणि स्नायू आवळताना निर्माण होणारी सूक्ष्म वीज त्या टिपतात. पण पट्टी बोटभर सरकली, कातडीखाली चरबी जास्त असली किंवा स्नायू थकला, की आकडा बदलतो. ग्राफ उंच गेला म्हणजे ताकद तेवढी वाढली, असा त्याचा अर्थ नाही. एवढं सांगितलं तर त्यानं मान डोलावली आणि विचारलं, "मग माझा ग्राफ कुठं काढून मिळंल?"

मी विवेकनिष्ठ पद्धतीची माणूस, म्हणजे मनातला हट्टी विचार शोधून तो तपासायला लावणारी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली ही पद्धत मला मराठीत जास्त जवळची वाटते, कारण माणसाचा सगळा हट्ट आपल्याकडे एका अक्षरात मावतो: च. दोन्ही बाजू सारख्या असाव्यात, ही झाली इच्छा. त्या सारख्या असायलाच पाहिजेत म्हटलं की झोप उडालीच. हा 'च' पकडण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मला तोवर वाटायचं.

म्हणून मी पुरावे मांडले. उजव्या फुप्फुसाला तीन कप्पे, डाव्याला दोन. जवळजवळ दीड किलोचं यकृत उजवीकडे, हृदयाचा कल डावीकडे. उजव्या हाताच्या माणसाची उजवी पकड डावीपेक्षा साधारण 10 टक्के जास्त, आणि त्याला कुणी आजार म्हणत नाही. टेनिस खेळाडूंच्या दंडाचे एक्स-रे काढून 1977 साली छापलेला एक अभ्यास आहे. त्यात पुरुष खेळाडूंच्या खेळत्या हाताच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा सुमारे 35 टक्क्यांनी जाड निघाली होती.

टेपवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. "पटतंय, मॅडम," म्हणाला. पुढच्या भेटीत मोबाइलमध्ये एकवीस नवी मापं.

चौथ्या भेटीत जे झालं ते मी ठरवून केलं असं सांगायला आवडलं असतं. खरं म्हणजे आमचा शिपाई रजेवर होता आणि थंड पाण्याचा जार बाहेर व्हरांड्यातच राहिला होता. कडीचा, भरलेला, 18-20 किलोचा. टेपवाला म्हणाला, "थांबा, मी आणतो," आणि उजव्या हातात जार घेऊन ताठ चालत आत आला.

"ठेवू नकोस. तसाच उभा राहा," मी म्हणाले. "डावा हात कमरेवर, बरगडीच्या खाली दाब. काय लागतंय?"

त्यानं दाबलं. पुन्हा दाबलं.

"दगुड."

"वजन कुठं आहे?"

"उजवीकडं."

"मग दगड इकडे कसा?"

तो गप्प. मग न सांगताच त्यानं जार डाव्या हातात घेतला आणि उजवी कंबर चाचपली. आता दगड तिकडे. परत बदलला. असं पाच-सहा वेळा केलं असेल. घाम आला होता, पण ठेवेना.

उजव्या हातातलं वजन अंगाला उजवीकडे पाडू बघतं. पडू देत नाहीत ते डावीकडचे पोटाचे तिरपे स्नायू आणि कमरेचा खोल चौकोनी स्नायू. हातातलं वजन मणक्यापासून वीतभर लांब, आणि हे स्नायू त्याहून बरेच जवळ. लांबच्या ओझ्याला जवळून आवरायचं म्हणजे ओझ्यापेक्षा जास्त जोर लावावा लागतो. त्यात बाहेरून काही दिसत नाही. आरशात उजवा दंड फुगलेला दिसतो, आणि डावी बाजू नुसती उभी आहे असं वाटतं.

"म्हंजे डावीकडचं काम करतंय," तो म्हणाला. जार खाली ठेवला. खुर्चीत बसला आणि बराच वेळ टेपशी खेळत राहिला.

"पप्पांची डावी बाजू गेलीया, मॅडम. दीड वर्ष झालं."

माझ्याकडच्या फॉर्ममध्ये वडिलांपुढे 'घरीच असतात' एवढं लिहिलं होतं. ते मी चार वेळा वाचलं होतं आणि चारही वेळा निवृत्त असतील असं धरून चालले होते. मोबाइलमधलं पहिलं माप पाहिलं. वडील दवाखान्यातून घरी आल्याच्या आठवड्यातलं.

मी ज्या 'च'शी भांडत होते तो दंडाचा नव्हताच. माझी डावी बाजू कधी जायलाच नको, हा खरा. तो त्यानं तोंडानं कधी म्हटला नव्हता, फक्त मोजला होता, दिवसातून तीनदा. तेव्हापासून माप, वजन, आरसा असं काही घेऊन कुणी आलं, की पहिल्याच भेटीत मी विचारते, "मोजायला सुरुवात कधी झाली?" माझ्या वीस वर्षांच्या कामात एवढा उपयोगी प्रश्न मला दुसरा सापडलेला नाही.

पुढच्या भेटी सोप्या गेल्या. अर्धांगवायूत बिघाड मेंदूत होतो. डावी बाजू लुळी पडते ती साधारणपणे मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यामुळे. दंडाचा घेर त्याबद्दल काहीच सांगत नाही. आई-वडिलांपैकी कुणाला झटका आला असेल तर मोजायचा तो रक्तदाब आणि साखर, आणि तंबाखू सोडायची. टेपवाल्याच्या खिशात टेपेशेजारी मावाही असायचा. तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, बोबडी वळणं, यातलं काहीही अचानक झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

ज्यांच्या घरी असं काही नाही आणि नुसता अर्धा इंच छळतोय, त्यांनी रॉड एकीकडे जड करू नये. डंबेल घ्यावेत, सुरुवात कमजोर हातानं करावी आणि त्यानं जितक्या वेळा उचललं तितक्याच वेळा दुसऱ्यानं उचलावं, एकदाही जास्त नाही. एका हातात वजन घेऊन चालायचा व्यायाम उत्तम, पण वजन असं निवडा की खांदा न झुकता वीस-पंचवीस पावलं जाता येईल, आणि मग हात बदला. माप महिन्यातून एकदा. हाताला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल किंवा एक बाजू थोड्या दिवसांत बारीक होत चालली असेल, तर माझ्याकडे नको, आधी डॉक्टरांकडे. आणि रोज तासाच्या वर आरशापुढे जात असेल, दंड दिसू नये म्हणून लग्नाकार्याला जाणं टाळलं जात असेल किंवा कुणी दंड वाढवायचं इंजेक्शन सुचवलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला लाजू नका.

एक गोष्ट टेपवाल्याला फार आवडली. 1894 साली अमेरिकेत येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच हाताला ताकदीचा सराव दिला, तर सराव न केलेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद थोडी वाढलेली दिसली. नंतर हे अनेकांनी पडताळून पाहिलं. म्हणजे वाढलेल्या ताकदीतला काही भाग स्नायूत नसतो, त्याला हुकूम देणाऱ्या मज्जासंस्थेत असतो.

"मग पप्पांनी उजव्या हातानं केलं तर?"

"औषध म्हणून सांगत नाही. त्यांच्या फिजिओथेरपिस्टना विचार."

त्यानं विचारलं. वडिलांना खुर्चीत बसवून उजव्या हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली द्यायला त्यांनी परवानगी दिली. शेवटच्या भेटीनंतर महिन्याभरानं त्याचा फोन आला. मापाचं मी काढलं नाही, त्यानंही काढलं नाही.

"पप्पांनी बाटली धरली न्हवं, तवा मी डाव्या कमरेला हात लावून बघितला. वाईच घट्ट लागतंय, मॅडम. का मला भास होतोय?"

भास असेल असं मी म्हटलं नाही, आणि नसेल असंही नाही. उद्या फिजिओताई आल्या की त्यांचा हात तिथं ठेवायला सांग, एवढं म्हणाले.