ग्राफवरून आलेलं उत्तर समीकरणात बसत का नाही?

तुमचं म्हणणं असं की ३क्ष + २य = १० आणि २क्ष − य = १ यांचा ग्राफ काढला, छेदनबिंदू (१.७, २.४) दिसला, पण पहिल्या समीकरणात टाकला की १० ऐवजी ९.९ येतंय, मग चुकलं कुठे.

चुकलं काहीच नाही हो. सोडवून बघा, दुसऱ्यावरून य = २क्ष − १, ते पहिल्यात टाकलं की ७क्ष = १२, म्हणजे क्ष = १२/७ आणि य = १७/७. आता १ सेंमी = १ एकक धरलं तर ग्राफ पेपरवर त्याचे दहा भाग असतात, सात नाही, त्यामुळे पेन्सिलीला कितीही टोक काढा, हा बिंदू बारीक रेघांवर नेमका पडायचाच नाही. तो ७ कुठून आला म्हणाल तर निश्चयक काढा, म्हणजे क्ष आणि य सोबतच्या आकड्यांचे तिरपे गुणाकार करून वजाबाकी, ३ × (−१) − २ × २ = −७, क्रेमरच्या पद्धतीत (निश्चयकांवरून उत्तर काढायच्या रीतीत) हाच छेदात बसतो. मी तर पट्टी हातात घ्यायच्या आधी हा आकडा काढतो, कारण तो शून्य आला तर एकमेव उत्तर मिळणारच नाही.

उदा. ३क्ष + २य = १० सोबत ६क्ष + ४य = १५ घ्या. पहिल्याची दुप्पट करून वजाबाकी केली की ० = ५ उरतं, म्हणजे रेषा समांतर, उत्तर नाही. १५ च्या जागी २० असते तर ० = ०, एकच रेषा दोनदा लिहिलेली, उत्तरं अनंत. पण अनंत म्हणजे वाट्टेल ती जोडी नव्हे बरं का, (१, १) टाकून बघा, नाही बसत!

बिंदू निवडताना बरेच जण डोळे झाकून क्ष = ० आणि य = ० घेतात, ३क्ष + २य = १० मध्ये य = ० ला क्ष = ३.३३… येतो, तो कागदावर दाखवणार कसा? त्यापेक्षा क्ष ला ०, २, ४ द्या, य येतो ५, २, −१, सगळे पूर्णांक, आणि तिसरा बिंदू रेषेवर आला नाही तर गणितात गडबड आहे हे तिथेच कळतं. बिंदू जरा लांब लांबचे घ्या, जवळच्या दोन बिंदूंवरून रेष ओढली की पुढे जाऊन ती चांगलीच सरकते.

खरा त्रास होतो रेषा जवळजवळ समांतर असल्या की. य = १.१क्ष आणि य = क्ष + १ या (१०, ११) ला छेदतात, पण दुसरी रेष फक्त ०.१ ने वर गेली तर छेदनबिंदू थेट (११, १२.१) वर, म्हणजे कागदावर एक मिलिमीटर हललं आणि उत्तर पूर्ण एका एककाने बदललं. असं दिसलं की ग्राफवरून फक्त अंदाज घ्यायचा आणि उत्तर सरळ एका चलाचा लोप करूनच, म्हणजे क्ष किंवा य घालवूनच काढायचं.