मिरजेपर्यंतचे ४७ किलोमीटर : कोल्हापूरच्या रेल्वेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : महामार्गाने पुणे पाच तासांत येते, मग रेल्वेला सात-आठ तास का लागतात? आणि वंदे भारत सुरू झाल्यावरही फरक का पडला नाही? (एक वाचक, राजारामपुरी)

नकाशा उघडला की या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. महामार्ग कोल्हापूरहून किणी, पेठ, कऱ्हाड, सातारा असा जवळजवळ सरळ उत्तरेला जातो आणि साधारण २३० किलोमीटरमध्ये पुणे गाठतो. रेल्वे मात्र आधी पूर्वेला मिरजेपर्यंत जाते, तिथून सांगली, किर्लोस्करवाडी, कऱ्हाड, सातारा असा प्रवास करते आणि साताऱ्यानंतर खंबाटकी व कात्रजचे घाट टाळण्यासाठी पुन्हा पूर्वेकडे वळून वाठार, आदर्की, लोणंद, नीरा, जेजुरी या वाटेने पुण्यात शिरते. हे अंतर ३२६ किलोमीटर भरते. शिवाय आदर्की आणि शिंदवणे इथल्या घाटांतील वळणांवर वेग उतरवावाच लागतो.

फरक पडला नाही, हे मात्र मला तितकेसे मान्य नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली कोल्हापूर–पुणे वंदे भारत हे अंतर सुमारे सव्वापाच तासांत कापते, म्हणजे कोयना एक्स्प्रेसपेक्षा दोन तासांहून अधिक वेळ वाचवते. पण तिचा सरासरी वेग काढला, तर तो ताशी ६२ किलोमीटरच्या आसपास येतो. ताशी १६० किलोमीटरसाठी बांधलेल्या गाडीला या मार्गावर याहून जास्त धावता येत नाही, याचा अर्थ अडचण गाडीत नसून मार्गात आहे. त्यातही ही गाडी प्रत्येक दिशेला आठवड्यातून तीनच दिवस असते, त्यामुळे तिच्या भरवशावर नियमित ये-जा करता येत नाही.

माझा सल्ला स्पष्ट आहे : एकट्याने, हलक्या सामानानिशी पुण्याला जायचे असेल, तर बस बरी, वृद्ध माणसे, लहान मुले किंवा जड सामान बरोबर असेल, तर रेल्वे. मुंबईसाठी मात्र रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसला आजही पर्याय नाही. कऱ्हाड किंवा साताऱ्याला उतरणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. कऱ्हाडचे स्थानक गावाबाहेर ओगलेवाडीला आहे आणि साताऱ्याचे माहुलीजवळ आहे, त्यामुळे रिक्षाचा वेळ आणि भाडे आधीच धरलेले बरे.

प्रश्न : मी रोज हातकणंगल्याहून पासावर कोल्हापूरला येतो. आमची गाडी वाटेत पंधरा-वीस मिनिटे उगाच उभी राहते. विद्युतीकरण झाल्यावर हे थांबायला नको होते का?

गाडी उगाच उभी राहत नाही, ती समोरून येणाऱ्या गाडीची वाट पाहत असते. मिरज–कोल्हापूर हा सुमारे ४७ किलोमीटरचा फाटा एकेरी आहे. दोन लगतच्या स्थानकांमधल्या भागात एका वेळी एकच गाडी सोडता येते आणि समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना ओलांडायचे असेल, तर जिथे लूप लाईन, म्हणजे मुख्य मार्गाला समांतर जास्तीचा रूळ, आहे अशा स्थानकातच ते जमते. यालाच आपण सगळे क्रॉसिंग म्हणतो. एक गाडी लूपवर घेतली जाते, समोरची पूर्ण आत येऊन तिच्यामागचा मार्ग मोकळा झाल्याची खात्री पटते, मग रुळांचे सांधे फिरतात, आणि त्यानंतरच उभ्या गाडीला सिग्नल मिळतो. एक्स्प्रेसला प्राधान्य असल्याने थांबण्याची पाळी बहुतेक वेळा तुमच्या पॅसेंजरवर येते, आणि सकाळी एक लांब पल्ल्याची गाडी उशिरा आली की तो उशीर दुपारपर्यंत एका गाडीकडून दुसरीकडे सरकत राहतो.

विद्युतीकरणाने डिझेल वाचते, गाडी लवकर वेग घेते आणि वाटेत इंजिन बदलण्याची गरज उरत नाही. रुळांची संख्या मात्र त्याने वाढत नाही. पुणे–मिरज मार्गाच्या दुहेरीकरणाचा फायदा मिरजेपर्यंतच मिळतो. पुढचा फाटा एकेरी असेपर्यंत कोल्हापुरात नवी गाडी आणणे म्हणजे जुन्या गाड्यांच्या वेळांत फट शोधणे होय. आपल्याकडे नव्या गाडीसाठी निवेदने पुष्कळ दिली जातात, दुहेरीकरणासाठी त्या मानाने फारच कमी, आणि मला हा क्रम उलटा वाटतो.

प्रश्न : मुंबईच्या तिकिटावर पुण्यात एक दिवस उतरून पुढे जाता येईल का?

नाही. प्रवासखंडाची, म्हणजे त्याच तिकिटावर वाटेत उतरून नंतर पुढे जाण्याची, सवलत ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर मिळते, पण पहिला खंड निघाल्यापासून ५०० किलोमीटर पूर्ण झाल्यावरच घेता येतो. कोल्हापूर ते मुंबई सीएसएमटी हे अंतर ५१८ किलोमीटर आहे, म्हणजे ही अट पूर्ण होईपर्यंत गाडी कुर्ल्याच्या आसपास आलेली असते. सरळ दोन तिकिटे काढावीत.

प्रश्न : जयसिंगपूरहून महालक्ष्मीचे तिकीट काढले की प्रतीक्षा यादीत नाव जाते आणि बऱ्याचदा ते पक्के होतच नाही. काही उपाय? (एक वाचक, शिरोळ तालुका)

प्रतीक्षा याद्या अनेक असतात. गाडी जिथून सुटते, तिथल्या सर्वसाधारण कोट्यात सर्वाधिक जागा असतात आणि तिथली यादी लवकर पुढे सरकते. मधल्या स्थानकांच्या वाट्याला बहुधा लहान, सामायिक कोटा येतो. म्हणून तिकीट कोल्हापूरपासून काढावे आणि आरक्षण करतानाच चढण्याचे स्थानक जयसिंगपूर नोंदवावे. भाड्यातला फरक किरकोळ असतो. मात्र स्थानक असे नोंदवल्यावर कोल्हापुरात चढण्याचा हक्क राहत नाही, हे ध्यानात ठेवावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. गणपती-दिवाळीसाठी त्याच सकाळी तिकीट काढणे हाच खरा उपाय आहे.

प्रश्न : वैभववाडीमार्गे कोकणाला जोडणारी रेल्वे होणार होती, तिचे काय? तोवर रेल्वेने गोव्याला कसे जावे?

कोल्हापूर–वैभववाडी हा शंभरहून काही अधिक किलोमीटरचा मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. तो झाला, तर कोल्हापूर हे शेवटचे स्थानक न राहता जाता-येतानाचे होईल, आणि १८९१ साली इथे रेल्वे आल्यापासूनचा तो सर्वांत मोठा बदल ठरेल. परंतु सह्याद्री उतरायचा म्हणजे बोगदे, पूल आणि अफाट खर्च आलाच, तेव्हा मंजुरीच्या बातमीवर कोणी जमिनीचे व्यवहार करू नयेत. गोव्यासाठी मिरजेला जाऊन बेळगाव, लोंढा, मडगाव अशी गाडी धरावी. लोंढ्यापुढचा घाट आणि दूधसागर दिवसाउजेडी दिसेल अशी वेळ साधली, तर लांबचा फेरा सोसण्यासारखा आहे.

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या वळिवडे स्थानकावर पोलंडचे लोक उतरले होते, हे खरे का?

खरे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती आणि सुमारे पाच हजार माणसे तिथे राहिली. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले.

प्रश्न : पुरात गाडी मिरजेपर्यंतच धावली, तर कोल्हापूरच्या तिकिटाचे पैसे मिळतात का?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगा-कृष्णेच्या पाण्यामुळे हा फाटा बंद ठेवावा लागला होता, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. गाडी पूर्ण रद्द झाली, तर ऑनलाईन तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात; खिडकीवरचे तिकीट मात्र तीन दिवसांच्या आत स्वतः परत करावे लागते. गाडी कोल्हापूरऐवजी मिरजेहून सुटणार असेल आणि तुम्ही प्रवास करणार नसाल, तर ऑनलाईन तिकीट नुसते रद्द करू नका, कारण त्यात नेहमीची कपात होऊ शकते. टीडीआर, म्हणजे परताव्याचा दावा, भरा, त्यात योग्य कारण निवडा आणि गाडी मिरजेहून सुटणार असल्याचा रेल्वेचा संदेश जपून ठेवा. येणारी गाडी मिरजेतच थांबवली, तर परतावा मागता येतो. पण रेल्वेने पुढे बसची सोय केली असेल आणि तुम्ही त्या बसने आलात, तर तो हक्क उरत नाही.