ग्रुपमध्ये सायकल चालवायची तर घट्ट जर्सी आणि शॉर्ट घालावीच लागते का?

तुम्ही विचारलंय की वय पंचेचाळीसच्या पुढे आहे, नांदेडला राहता, पहाटे शर्ट-पॅन्टवरच सायकल काढता. नवीन ग्रुपमधले सगळे मात्र रंगीत जर्सी आणि काळ्या घट्ट शॉर्टमध्ये येतात. ते कपडे घ्यावेत का, या वयात ते बरे दिसतील का आणि मुळात ही पद्धत आली कुठून, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

घालायलाच पाहिजेत असं कुठलंही बंधन नाही. तास-दीड तासाच्या आतली राइड असेल तर अंगावर काय आहे याने फारसा फरक पडत नाही. त्यापुढे जायचं असेल तर एकच वस्तू खरोखर कामाची आहे, ती म्हणजे पॅड लावलेली शॉर्ट. जर्सी, टोपी, मोजे, गॉगल हा सगळा आवडीचा भाग आहे. आवड असेल तर मनापासून करा, नसेल तर सोडून द्या.

परभणीत आमचं शिवणकामाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. सकाळी मी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर नाहीतर जिंतूर रोडला सायकल चालवतो. त्यामुळे हे कपडे मी घालूनही पाहिलेत आणि उसवूनही.

एक जुनी शॉर्ट मी टेबलावर उलटी करून शिवण शिवण उसवली होती. आपली पॅन्ट दोन पुढच्या आणि दोन मागच्या तुकड्यांची असते आणि त्या चारही शिवणी मांड्यांच्या मध्ये एका ठिकाणी येऊन मिळतात. नेमकी तीच जागा सायकलच्या सीटवर दाबली जाते. तिथे कापडाचे थर साचून गाठ तयार झालेली असते. पाय हजारो वेळा वरखाली होतो, तितक्या वेळा ती गाठ कातडीवर घासते. जीन्सवर लांब जाऊन आलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. सायकलच्या शॉर्टमध्ये ती जागा मोकळी ठेवलेली असते. शिवणी बाजूला सरकवलेल्या, मध्ये एकसंध पॅड. दोन कापडं एकावर एक ठेवून शिवलेली नसतात, कडेला कड लावून वरून दोऱ्याचं सपाट जाळं घातलेलं असतं. याला आमच्या धंद्यात फ्लॅटलॉक म्हणतात. बोट फिरवलं तरी शिवण लागत नाही. हे काम साध्या मशीनवर होत नाही, म्हणून ही शॉर्ट गल्लीतल्या टेलरकडून, म्हणजे माझ्यासारख्याकडूनसुद्धा, शिवून घेऊ नका. विकतचीच घ्या.

आणि एक गोष्ट दुकानदार संकोचाने सांगत नाही, म्हणून मी सांगतो. पॅडच्या शॉर्टच्या आत अंडरवेअर घालायची नसते. घातली की तिची शिवण पुन्हा त्याच जागी येते आणि सगळे पैसे वाया जातात.

ही पद्धत आली कुठून हा तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण या कपड्यांतल्या जवळपास प्रत्येक गोष्टीमागे काही ना काही कारण आहे. टूर दि फ्रान्स ही फ्रान्समधली सायकलची शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून पुढची कितीतरी दशकं शर्यतीतले लोक लोकरीचे कपडे घालत. त्यांच्याकडे थंडी आणि पाऊस. लोकर भिजली तरी ऊब देते. शॉर्टही लोकरीचीच आणि आत मऊ कमावलेल्या कातड्याचं अस्तर. धुतलं की ते कातडं वाळून कडक व्हायचं, मग मलम चोळून मऊ करावं लागायचं. काळा रंग सोयीचा, कारण चेनचं तेल आणि ग्रीसचे हात त्यावर दिसत नाहीत. लायक्राचा, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा, धागा अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत १९५८ साली तयार झाला आणि इटलीच्या कास्तेली कंपनीने १९७७ च्या सुमारास त्याची सायकलची शॉर्ट बाजारात आणली. चकाकणारी, अंगाला चिकटलेली शॉर्ट म्हणजे सायकलवाला, ही ओळख तिथून पुढची आहे.

रंगांची गोष्ट वेगळी. टूरमध्ये आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी १९१९ मध्ये आली, कारण शर्यत भरवणारं 'लोटो' हे वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जायचं. इटलीच्या शर्यतीत १९३१ पासून गुलाबी जर्सी आहे, कारण तिथलं 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त' गुलाबी कागदावर निघतं. पुढे सायकल कंपन्यांकडचा पैसा आटत गेला तेव्हा १९५४ साली इटलीत फिओरेन्झो मान्यी या सायकलपटूच्या संघाच्या जर्सीवर निव्हिया क्रीमचं नाव आलं. सायकलशी काडीचा संबंध नसलेल्या मालाची जाहिरात. आज आपल्या जिल्ह्याच्या गावांत ग्रुपच्या जर्सीवर दवाखाना, सराफ आणि कोचिंग क्लासची नावं पाठीवर असतात, ती त्याच रांगेतली आहेत.

ती इतकी सर्रास झाली ते छपाईमुळे. पॉलिएस्टरवर साधारण दोनशे अंशांच्या उष्णतेने शाईची वाफ होऊन ती थेट धाग्यात मुरते, त्यामुळे पन्नास रंग वापरा नाहीतर दोन, खर्च तोच आणि रंग जातही नाही. सुती कापडावर हे होत नाही. म्हणून कापसाच्या मुलखात राहणारे आपण सगळे पॉलिएस्टर घालून निघतो.

इथे मला थोडं थांबून बोलायचंय. सगळीकडे एकच सल्ला मिळतो की सुती कापड सायकलला वाईट, घाम पितं, वाळत नाही. हा सल्ला थंड किंवा दमट हवेचा आहे. मुंबईत तो बरोबर आहे, तिथे ओला शर्ट ओलाच राहतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा त्रेचाळीसला जातो आणि हवा कोरडीठाक असते. अशा हवेत ओलं सुती कापड वाळता वाळता अंगातली उष्णता ओढून घेतं. आपल्या शेतकऱ्याचा सैल पांढरा सदरा आणि डोक्या-मानेवरून घेतलेलं उपरणं यामागे हेच शहाणपण आहे, आणि त्याला कुणी कमी लेखलेलं मला सहन होत नाही. उन्हाळ्यात मी वर पातळ सुती, पूर्ण बाह्यांचा, पांढरट शर्ट घालतो आणि खाली पॅडची शॉर्ट. उघड्या हातांवर ऊन घेण्यापेक्षा झाकलेले हात थंड राहतात. पावसाळ्यात मात्र हे उलटतं, तेव्हा पॉलिएस्टरची जर्सीच बरी. डिसेंबरात पहाटे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा हेल्मेटच्या आत कानटोपी आणि छातीवर वारा अडवणारं काहीतरी हवंच.

जर्सी घ्यायची ठरवली तर दुकानातल्या आरशात उभं राहून तिचा निकाल लावू नका. तिचा काप वाकलेल्या माणसासाठी असतो. पुढून आखूड, मागून लांब, बाह्या पुढच्या बाजूला वळवलेल्या. ताठ उभं राहिलात की ती पोटावर ताणते, खांद्याला गोळा होते आणि आपण जाड दिसतोय असं वाटतं. दोन्ही हात हँडलवर ठेवल्यासारखे पुढे घेऊन वाका आणि मग बघा, कापड जागच्या जागी बसतं. पंचेचाळिशीतले कितीतरी लोक त्या आरशापाशीच माघारी फिरतात. ढगळ घेतली तर मागच्या खिशात पाण्याची बाटली टाकली की ती लोंबकळते आणि फडफडते. वाऱ्याचा अडथळा वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, पण पंधरा-वीसच्या वेगात तुम्हाला-मला त्याची चिंता करायचं कारण नाही. एक मापाने मोठी घेतलीत तरी चालेल.

आणि घट्ट शॉर्टवर चौकात चहाला उतरायला संकोच वाटतो ना? मलाही 'काय मास्तर, हाफ चड्डीवर कुठं?' असं विचारलं गेलंय. तो संकोच खोटा नाही, आणि तो झटकून टाका असं मी म्हणणार नाही. त्यावर साधा उपाय आहे. पॅड असलेली पातळ आतली शॉर्ट मिळते, ती घाला आणि वरून तुमची नेहमीची सैल हाफ पॅन्ट किंवा ट्रॅक पॅन्ट. डोंगरातल्या सायकलींचे स्वार कधीपासून असेच कपडे घालतात आणि आता कच्च्या रस्त्यावर चालवणाऱ्यांमध्येही सैल शर्ट, खिशांची शॉर्ट हीच नवी फॅशन आहे. इटलीत तर १९९७ पासून 'लेरोइका' नावाची राइड होते, तिथे मुद्दाम १९८७ च्या आधीच्या सायकली आणि लोकरीच्या जुन्या धर्तीच्या जर्सी घालून लोक येतात. जुनं कधी नवं होईल सांगता येत नाही. वडिलांच्या काळात बेलबॉटम आली तेव्हा तिचा घोळ चेनमध्ये सापडून फाटायचा, आणि मग दुरुस्तीला दुकानात यायचा. घोट्याला लावायची पत्र्याची क्लिप तेव्हा घरोघरी होती. धोतरवाले सोगा वर खोचून घ्यायचे. सायकलसाठी कपडा बदलणं आपल्याला नवीन नाही.

बायकांचं मात्र सगळ्यात अवघड असतं. १८९८ साली इंग्लंडमध्ये लेडी हार्बर्टन नावाच्या बाई सायकलवर, पायघोळ झग्याऐवजी ढगळ विजार घालून, ऑकम गावच्या एका हॉटेलात गेल्या, तर त्यांना कॉफीच्या खोलीत बसू दिलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल हॉटेलच्या बाजूने लागला. सव्वाशे वर्षं झाली. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, खेड्यापाड्यांतून त्या मुली ओढणी छातीवर फुली करून मागे गाठ मारतात आणि दप्तर कॅरिअरला बांधून निघतात. त्याच मुली कॉलेजला गेल्या, लग्न झालं, की सायकल सुटते. त्याला कपडा हे एकच कारण नाही, पण कपडाही आहे. माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांना घट्ट कपडे नको होते आणि सलवारही नको होती, कारण ती चेनमध्ये जाते. आम्ही गुडघ्यापर्यंतचा कुर्ता शिवला, दोन्ही बाजूंचे कट नेहमीपेक्षा चार बोटं उंच, मागचा भाग थोडा लांब म्हणजे वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही, आणि खाली घोट्याला निमुळती होणारी विजार, आत पॅडची शॉर्ट. ओढणीची गरजच नाही असा दुहेरी पुढा. उन्हाचा सनकोट त्या वरून घालतात. आता त्या गंगाखेड रोडला नियमित दिसतात. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी ताई येऊ इच्छित असतील तर त्यांना जर्सीचा नियम दाखवू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. ग्रुपने जर्सी काढावी, पण ती ऐच्छिक ठेवावी.

शैलीच्या बाबतीत मी एकाच गोष्टीवर हट्ट धरतो, ती म्हणजे तुम्ही दिसलं पाहिजे. नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम. पहाटे अंधारात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, मागे दिवा असतोच असं नाही, आणि त्यांना ओलांडणारी गाडी तुमच्या अंगावर येते. पूर्ण काळ्या कपड्यांची सध्या चलती आहे, फोटोत ते छान दिसतात, पण अशा रस्त्यावर मला ते पटत नाहीत. फ्लोरोसंट पिवळा-हिरवा उजेडात लांबून दिसतो, कारण तो उन्हातल्या अतिनील किरणांवर चमकतो. अंधारात त्याचा काही उपयोग नाही. अंधारात हेडलाइटचा उजेड परत फेकणारी रिफ्लेक्टर पट्टी लागते, आणि ती छातीपेक्षा घोट्याला जास्त कामाची, कारण वरखाली हलणारे पाय पाहिले की चालकाला ताबडतोब कळतं की पुढे सायकल आहे. वडिलांच्या काळातली ती क्लिप आता या पट्टीच्या रूपात घ्या, पॅन्टही आवरली जाते. हेल्मेटबद्दल मी फॅशन म्हणून बोलतच नाही. व्यावसायिक शर्यतींतही ते २००३ मध्ये, आंद्रेई किविलेव्ह हा सायकलपटू पॅरिस-नीस शर्यतीत पडून मरण पावल्यानंतर सक्तीचं झालं. तोवर कापडी टोपीची ऐट होती. तुम्ही ती टोपी हेल्मेटच्या आत घालू शकता, घाम डोळ्यांत उतरत नाही.

तर तुमच्यासाठी खरेदीची यादी छोटी आहे. आधी फक्त एक पॅडची आतली शॉर्ट आणि दोन रिफ्लेक्टर पट्ट्या घ्या. वर तुमचा नेहमीचा शर्ट असू द्या. पॅड जितका जाड तितका चांगला असं समजू नका, फार जाड पॅड मांड्यांत गोळा होतो. बोटाने दाबून पाहा, लगेच तळाला लागणारा फुसका नको आणि उशीसारखा फुगलेलाही नको. शॉर्ट उभ्याने किंचित आवळ वाटली पाहिजे. एखादा महिना चालवा, ग्रुपमध्ये रमलात आणि त्यांच्या जर्सीचा रंग आवडला तर तीही करून घ्या, त्यात आनंद आहे.

शॉर्ट प्रत्येक राइडनंतर त्याच दिवशी धुवा, उद्यावर टाकू नका, नाहीतर पॅडमध्ये जंतू वाढून पुळ्या येतात. उलटी करून, साध्या साबणाने, हाताने. कपडे मऊ करणारं सुगंधी लिक्विड घालू नका, त्याने कापडाची घाम शोषून बाहेर टाकायची ताकद जाते. आणि वाळत घालताना गच्चीवरच्या उन्हात टांगू नका. आपल्या उन्हात लायक्राचा ताण दोन उन्हाळ्यांत निघून जातो. सावलीत, वाऱ्यावर, पॅड वरच्या बाजूला ठेवून वाळवा.