कोंबडी उकरणार, खत आपण करायचं

प्रश्न : बेलापूरला रो-हाउसच्या मागे जाळीचा छोटा वाडा आहे, त्यात सहा गावठी कोंबड्या. घरातला ओला कचरा, खुराड्यातली विष्ठा आणि झाडलेला पाला वाड्याच्या कोपऱ्यात टाकतो. कोंबड्या दिवसभर उकरतात. तीन महिने झाले, खताचा पत्ता नाही. नुसता कोरडा चुरा पसरलाय. चुकतंय कुठे?

उत्तर : कोंबड्यांचं काम चोख चाललंय. त्यांच्या पुढचं काम कुणीच करत नाही. खताचा ढीग आतून तापायचा तर तो तीन फूट लांब, तीन रुंद आणि तीन उंच तरी हवा, आणि तो तसाच राहायला हवा. कोंबडी ढिगाला उंच राहूच देत नाही. रोज विस्कटला की ऊब निघून जाते, ओल वाळते आणि कुजणं थांबतं. म्हणून काम दोन जागी वाटा.

पहिली जागा वाड्यातच. चार बाय चार फुटांचा चौकोन, भोवती दीड फूट उंचीची विटांची किंवा फळ्यांची कड. तळाला अर्धा फूट सुका पाला, त्यावर रोजची भाजीची देठं, साली, उरलेला भात. कोंबड्या कड ओलांडून आत जातात, किडे-अळ्या वेचतात, पानं फाडून सगळं कालवतात. बाहेर उडालेलं आठवड्यातून दोनदा दाताळ्याने आत ओढा. कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीखाली पडलेली विष्ठा मात्र इथे आणून टाकू नका. रक्ती हगवण विष्ठेतूनच पसरते, आणि आपण त्यांना तिथेच चरायला लावतोय. ती झाकणाच्या पिंपात पाल्याबरोबर थर देऊन साठवा.

दुसरी जागा वाड्याबाहेर : तीन बाय तीन बाय तीन फुटांची पेटी, बाजूंना हवेच्या फटी, वर जाळीचं झाकण. इथे कोंबड्यांना मज्जाव. पहिल्या जागेतला कालवलेला माल आणि पिंपातली विष्ठा घालून ही पेटी एकाच दिवशी भरायची. रोज मूठभर टाकत गेलं तर ती कधीच तापत नाही. सहा कोंबड्या आणि एका घराचा कचरा यांवर इतका माल जमायला साधारण दीड-दोन महिने लागतात. तेवढं थांबा.

आता माप. एक कोंबडी दिवसाला सुमारे १०० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. सहांची महिन्याला १८ किलो, त्यातली निम्मी तुम्हाला दांडीखाली मिळते. या विष्ठेत कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण ८-१० ला १ इतकं असतं, सुक्या पाल्यात ५०-६० ला १, आणि ढिगाला हवं २५-३० ला १. हिशेब केला तर ओली विष्ठा आणि सुका पाला वजनाला वजन घ्यावा लागतो. वजनाला हं, घमेल्याला घमेलं नव्हे! पाला हलका असतो, एका घमेलं विष्ठेला सैल पाल्याची आठ-दहा घमेली लागतात. बहुतेकांचं गणित नेमकं इथेच बिघडतं.

ओल मुठीने तपासा. मूठ दाबली की गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये. सगळं बरोबर असेल तर दोन-तीन दिवसांत मध्यभाग ५५ ते ६५ अंशांवर जातो. थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई दहा मिनिटं मध्यात खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर ती हातात धरवली नाही तर ढीग नीट तापलाय. दर चार-पाच दिवसांनी पालटा, कडेचं मध्ये आणि मध्यातलं कडेला, असं पाच वेळा. ढिगातल्या प्रत्येक भागाला ५५ अंशांत किमान तीन दिवस मिळावेत हा त्यामागचा हेतू. रोगजंतू आणि तणाचं बी त्यातच मरतं. मग सहा आठवडे झाकून मुरू द्या.

प्रश्न : घोडबंदर रस्त्याला बंगला आहे, आठ कोंबड्या. जून संपला आणि खुराड्याला, ढिगाला असह्य वास सुटला. चुना भुरभुरला, चुलीची राख टाकली, तर वास वाढलाच. शेजारी बोलायला लागलेत.

उत्तर : चुना आणि राख दोन्ही आधी बंद करा. विष्ठेतल्या नत्राचा अमोनिया होतो. चुना-राखेने ढिगाचा क्षारधर्म वाढला की हा अमोनिया विरघळून न राहता वायू होऊन उडतो. म्हणजे शेजाऱ्याला वास, आणि तुमच्या बागेचं नत्र हवेत.

वास कुठला आहे ते नाकाने ओळखा. डोळ्यांना झोंबत असेल तर विष्ठा जास्त, पाला कमी. कुजक्या अंड्यासारखा असेल तर पाणी जास्त आणि हवा कमी. पावसाळ्यात बहुधा दोन्ही एकत्र असतात. ढीग पूर्ण मोडा, सुका पाला कालवून पुन्हा रचा आणि वर चार इंच कोरडा थर द्या. खुराड्यात भाताचा तूस किंवा सुताराकडचे रंध्याचे छिलके सहा इंच अंथरा आणि एक दिवसाआड खालीवर करा. प्लायवूडचा भुसा घेऊ नका, त्यात डिंकाची रसायनं असतात. कोंबडीच्या उंचीवर वाकून श्वास घ्या. तुमचे डोळे चुरचुरले तर तिचेही चुरचुरताहेत, आणि तिला तिथे रात्र काढायची असते.

आपल्याकडच्या पावसात उघडा ढीग चालतच नाही. खाली सहा इंचांचा ओटा, वर उतरता पत्रा आणि तो चहूबाजूंनी दीड फूट पुढे काढलेला हवा. बाजू प्लास्टिकने बंद केल्या तर आत गुदमरून पुन्हा तोच वास.

खरी तयारी जानेवारी ते मार्चमध्ये करायची असते, देशी बदाम आणि रेन ट्री पानं गाळतात तेव्हा. आठ कोंबड्यांची रात्रीची १२ किलो विष्ठा आणि रोजचा किलोभर ओला कचरा धरला तर महिन्याला सुमारे २५ किलो पाला लागतो. चेपून भरलेल्या गोणीत ५-६ किलो मावतो. चार महिन्यांना वीस गोण्या. सोसायट्यांचे माळी हाच पाला पेटवून देतात, आधीच सांगून ठेवा. बदामाची पानं चुरडून घ्या, नाहीतर त्यांचे थर चिकटून आत हवा जात नाही. आंब्याची पानं चिवट, फार सावकाश कुजतात. वाशीच्या फळबाजारातला आंब्याच्या पेट्यांमधला पेंढाही उत्तम, पण तो मेमध्येच उचला, भिजण्याआधी.

प्रश्न : कोंबड्या चरतात त्या ढिगात काय टाकू नये? पांढुरक्या जाड अळ्या झाल्यात, औषध मारू का?

उत्तर : औषध अजिबात नको. त्या बहुतेक काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असाव्यात. कोंबड्या त्यांवर तुटून पडतात आणि फुकटची प्रथिनं मिळतात. टाकू नये ते : बुरशी धरलेला पाव-पोळी, कच्ची कडधान्यं, अव्होकॅडो, बटाट्याच्या हिरव्या साली, खारट लोणची, चहाचा चोथा. चोथा वाड्याबाहेरच्या पेटीसाठी पिंपात साठवा. थर्माकोलवर डोळा ठेवा, कोंबड्या तो आवडीने टिपतात. रबर बँड आणि स्टेपलच्या पिनाही वेचून काढा.

प्रश्न : कळव्याला गच्चीवर कुंड्या आहेत. मैत्रिणीकडून कोंबडखत आणून थेट घातलं, मेथी करपली, टोमॅटो कोमेजले.

उत्तर : ते खत नव्हतं, वाळलेली विष्ठा होती. कुंडीत पाणी मिळताच तिचा अमोनिया सुटतो आणि मुळं भाजतात. शिवाय त्यात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चं शेणखत किंवा कोंबडखत घातल्यावर मातीला लागणारा भाजीपाला १२० दिवस आणि इतर पीक ९० दिवस काढू देत नाहीत. मेथी महिन्याभरात निघते, तेव्हा पालेभाजीला कच्चं नकोच.

मुरलेल्या खताला पावसात भिजलेल्या मातीचा वास येतो. खात्री नसेल तर एका कुंडीत नुसती माती आणि दुसरीत निम्मं खत-निम्मी माती घालून मेथी पेरा. आठवड्यात दोन्हीकडे सारखी उगवली तर वापरा. बारा इंची कुंडीला दोन मुठी, दीड-दोन महिन्यांतून एकदा, पुरे. एक्झोराला मात्र हात आखडता ठेवा. अंड्यांच्या कोंबड्यांना कॅल्शियमयुक्त खाद्य देतात, त्यामुळे खत क्षारीकडे झुकतं आणि आम्लधर्मी माती आवडणाऱ्या झाडांची पानं पिवळी पडतात.

प्रश्न : घुशी येतात. कोंबडीजाळी कुरतडली.

उत्तर : ती षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवण्यापुरती असते. अर्धा इंची वेल्डमेश (जाड तारेची, सांधे जोडलेली चौकोनी जाळी) लावा, जमिनीत एक फूट गाडून तळ बाहेरच्या दिशेला वळवा. खाद्य रात्री आत घ्या. मासळी-मटणाचा कचरा ढिगात नको.

प्रश्न : माजिवड्याला आठव्या मजल्यावर राहतो. गॅलरीत दोन कोंबड्या ठेवता येतील का?

उत्तर : ठेवू नका. तापण्याइतका ढीग गॅलरीत मावत नाही, आणि दोन कोंबड्यांची विष्ठा रोज कुठे टाकायची हा प्रश्न उरतो. परस असलेल्यांनीही सोसायटी आणि महापालिकेला आधी विचारावं. फेब्रुवारी २०२२मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आढळला होता. अचानक दोन-चार पक्षी मेले तर ते ढिगात न पुरता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. तुम्हाला खतच हवं असेल तर झाकणाचा, भोकं पाडलेला पिंप आणि एक गोणी सुका पाला आणा. कोंबडीचं उकरण्याचं काम आठवड्यातून दोनदा काठीने करा.