‘सूचित सहमती’ म्हणजे कुणी सुचवलेली?

यवतमाळ जिल्ह्यातून नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे: “सिकलसेलच्या, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, एका अभ्यासासाठी आम्ही गावोगाव रक्ताचे नमुने घेतो. फॉर्मचा मथळा ‘सूचित सहमती पत्र’ असा छापला आहे. एका आजीनं विचारलं, ‘सूचित म्हंजे काय व?’ मला सांगता आलं नाही. दुसऱ्या एका फॉर्मवर ‘माहितीपूर्ण संमती’ असं पाहिलं. बरोबर शब्द कोणता? संमती आणि सहमती यांत फरक आहे का? आणि गावात बोलताना काय म्हणावं?”

ताई, त्या आजींनी नेमक्या जागी बोट ठेवलं. ‘सूचित सहमती’ हे इंग्रजी ‘इन्फॉर्म्ड कन्सेंट’चं भाषांतर, आणि त्यात ‘सूचित’ हा शब्द चूकच आहे. हिंदीत ‘सूचित करना’ म्हणजे कळवणं, म्हणून ‘सूचित सहमति’ तिकडे चालून जाते. मराठीत सूचित म्हणजे सुचवलेलं. ‘कवीनं इथे विरह सूचित केला आहे’ असं आपण दहावीच्या रसग्रहणात लिहीत आलो. तेव्हा मराठी कानाला ‘सूचित सहमती’ ऐकू येते ती दुसऱ्या कुणीतरी सुचवलेली. जे होऊ नये म्हणून हा कागद करायचा, तेच त्याच्या कपाळावर लिहिलेलं!

‘माहितीपूर्ण’चं दुखणं वेगळं. माहितीपूर्ण लेख असतो, भाषण असतं. माहितीनं भरलेलं, एवढाच त्याचा अर्थ. फॉर्मच्या चार पानांत माहिती ठासून भरली की तो माहितीपूर्ण झाला. समोरच्या बाईच्या मनापर्यंत त्यातलं किती पोचलं, याबद्दल हा शब्द गप्प आहे. ‘ज्ञात संमती’ म्हटलं की कुणाला ज्ञात, हे कळत नाही. ‘सुजाण संमती’ कानाला गोड लागते, पण ‘हो’ म्हणणारी सुजाण ठरली की ‘नाही’ म्हणणारी आपोआप अजाण ठरते. मला हा शब्द म्हणूनच नको वाटतो.

आता खुद्द संमती. सम् अधिक मती. मती मन् धातूपासून, मत, मान्य, अनुमती ही सगळी त्याच घरातली. सम् म्हणजे एकत्र, नीट. दोघांच्या मनात एकच गोष्ट असणं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं तेरावं कलमही हेच सांगतं: दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थानं कबूल होतात, तेव्हा त्यांची संमती झाली असं म्हणावं. डॉक्टरच्या मनात एक आणि पेशंटच्या मनात दुसरंच असेल, तर सही होऊनही संमती झालेली नसते.

सहमतीशी फरक कळायला क्रियापद लावून पाहा. सहमती ‘होते’, दोन पक्षांत, वाटाघाटीनंतर. संमती ‘दिली’ जाते आणि ‘मागे घेता’ येते. अभ्यासातून मधेच बाहेर पडायचा हक्क सहभागी माणसाला असतो. ‘मी संमती मागे घेते’ हे वाक्य मराठीत सरळ उभं राहतं. ‘मी सहमती मागे घेते’ अडखळतं. म्हणून फॉर्मवर संमतीच हवी.

तरी एक अडचण उरते. खेड्यात हा शब्द ऐकला जातो तो लग्नाच्या बोलण्यात: ‘घरच्यांच्या संमतीनं’. म्हणजे संमती द्यायची ती सासऱ्यानं, नवऱ्यानं, मोठ्या भावानं. शंभरावर वर्षांपूर्वी मराठी वर्तमानपत्रांतून हा शब्द गाजला तोही संमतिवयाच्या कायद्यामुळे. शरीरसंबंधाला मुलीची संमती ग्राह्य धरायचं वय १८९१ साली दहावरून बारा झालं. संमती मुलीची, भांडले मुख्यतः घरचे आणि दारचे पुरुष. शब्दाला चिकटलेला हा वास अजून गेलेला नाही.

माझ्या घरचंच सांगतो. आर्वी तालुक्यातल्या माझ्या काकूचं पिशवीचं ऑपरेशन झालं, त्याला बारा वर्षं झाली. खासगी दवाखाना होता. माझ्या चुलतभावानं आधी सही केली. मग नर्सबाईंनी कागदावर पेन्सिलनं फुली मारून दिली, काकूनं शाईच्या डबीत अंगठा बुडवून त्या फुलीवर टेकवला, आणि अंगठ्याची शाई केसांना पुसली. शेजारी लिहिलं गेलं ‘नि. डा. हा. अं.’, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. वर छापलेलं होतं: ‘मला माझ्या भाषेत सर्व समजावून सांगण्यात आले आहे.’ काकूची भाषा वऱ्हाडी. त्या कागदावरचं एक वाक्यही तिच्या तोंडचं नव्हतं, आणि ते तिला वाचून दाखवायला कुणाला सवडही नव्हती. दोनेक महिन्यांनी ती मला म्हणाली, “पिशवीसंगं आखीन बी काही काढलं म्हन्ते. मले तं कोनी सांगतलंच नाई.” भावाला विचारलं तर तो म्हणाला, “रातभर समजूत काढली तिची, मंग झाली तयार.”

ताई, त्याचं हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. ‘समजणे’ या एका क्रियापदाभोवती मराठीत काय काय जमलंय, ते बघा. समजावून सांगणं म्हणजे उलगडून सांगणं. पण समजूत काढणं, समजूत घालणं म्हणजे रडणाऱ्याला गप्प करणं, अडून बसलेल्याला वळवणं. आणि ‘समज देणे’ हे तर पोलिसांचं काम. ‘समज देऊन सोडून दिलं’. ‘रुग्णास समज देण्यात आली’ असं कुणी फॉर्मवर लिहिलं, तर अर्थ धमकीपर्यंत जातो. तुमच्याबरोबर फिरणारं कुणी संध्याकाळी ‘बाई तयार नव्हती, समजूत काढून सही घेतली’ असं सांगेल, आणि त्यात त्याला काही वावगं वाटणार नाही, कारण भाषेत ती रोजची गोष्ट आहे. ती सही बाद धरायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आपल्याच भाषेत एक जुनं, भक्कम वाक्य पडून आहे. वावराचं खरेदीखत घ्या, मृत्युपत्र घ्या: ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो’. राजीखुशी म्हणजे कुणाचा दाब नाही. अक्कलहुशारी म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेनं माणसांवरच्या प्रयोगांसाठी पहिली अट घातली ती स्वेच्छेच्या संमतीची. आपल्या लेखी ती राजीखुशीच. इन्फॉर्म्ड कन्सेंट हा जोडशब्द न्यायालयात आला त्यानंतर, १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या एका निकालात. ‘कळून’ ही तिसरी अट त्या संहितेतही होती, तिला हे नाव मात्र मागून मिळालं. खरेदीखताच्या शेवटी ‘मजकूर वाचून दाखविला, तो समजला’ असंही असतंच. दोन एकर विकताना आपण एवढं लिहून घेतो. पोट उघडताना घेत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे जवळजवळ काकूसारखंच प्रकरण आलं होतं. निकाल जानेवारी २००८ चा. बाईनं मान्य केली होती दुर्बिणीतून तपासणी. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले. न्यायालयानं सांगितलं की बाई सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तेव्हा आईची संमती चालणार नाही. शब्दांच्या दृष्टीनंही हा निकाल मोलाचा आहे. न्यायालयानं अमेरिकेचं इन्फॉर्म्ड कन्सेंट न घेता इंग्लंडच्या धर्तीवर रिअल कन्सेंट, म्हणजे खरी संमती, हा शब्द धरला. उपचार काय, कशासाठी, दुसरा मार्ग कोणता, मोठे धोके कोणते, न केल्यास काय होईल, एवढं सांगितलं पाहिजे, असंही म्हटलं.

तर माझं उत्तर: मथळा ‘समजून घेऊन दिलेली संमती’ असा करा. ‘समजून-उमजून’ही चालेल, उमजणं जरा आतलं आहे. लांब झालं म्हणाल, तर ‘ना हरकत प्रमाणपत्र’ आपण रोज म्हणतोच. या शब्दांत समजणारी तीच आणि देणारीही तीच, म्हणून मला ते आवडतात. संमतिपत्र लिहिताना ‘ति’ ऱ्हस्व. सुटा शब्द मात्र संमती, दीर्घ.

मराठीकडे आणखी दोन शब्द आहेत, त्यांना त्यांची त्यांची जागा द्या. पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, जाता तेव्हा आधी तिथल्या प्रमुखाला, नाईकाला, विचारता, ती ‘परवानगी’. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी परवानगी माणसाच्या संमतीची जागा घेत नाही. आणि सात वर्षांपुढच्या मुलांचं म्हणणं वेगळं विचारायचं असतं, बारापर्यंत तोंडी, पुढे अठरापर्यंत लेखी, संमती पालकांची. मुलाच्या त्या म्हणण्याला ‘होकार’ म्हणावं. गावाची परवानगी, लेकराचा होकार, मोठ्या माणसाची संमती. आणि परवानगी मिळाली म्हणजे भाषाही मिळाली असं नाही. पोडावर कोलामी बोलणारी म्हातारी असेल तर ‘माझ्या भाषेत’ या शब्दांचा अर्थ कोलामी असा होतो.

बोलण्यात खरा प्रश्न आहे तो ‘हाव’चा, म्हणजे वऱ्हाडी ‘हो’चा. आपल्याकडे ‘हाव’चा पहिला अर्थ ‘ऐकून राहिलो’, गोष्ट ऐकताना हुंकार देतात तसा. दुसरा, ‘तुमी मोठे, तुमाले नाई कसं म्हनू’. तिसरा, ‘मले पटलं’. तुम्हाला हवा आहे तो तिसरा, आणि बहुधा मिळतो तो दुसरा: “हाव जी, तुमी म्हन्ता तं बरोबरच असन.” ‘समजलं काय?’ असं विचारलंत तर हाच येणार. त्याऐवजी विचारा, “घरी गेल्यावर सुनेनं म्हटलं, रक्त काहून नेलं, तं काय सांगसान?” तिच्या उत्तरात काय आलं, काय गळलं, ते लगेच दिसतं.

सिकलसेलमध्ये गळतं ते बहुतेक पुढचंच. बोटाला टोचायला ‘हाव’ मिळतो. पण पहिल्या तपासणीत अनेकदा दोष आहे एवढंच कळतं, वाहक (आईबापांपैकी एकाकडूनच दोष आलेला) की रुग्ण हे दुसऱ्या तपासणीत. वाहक धडधाकट असतो. नवराबायको दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात चारांत एक शक्यता आजारी बाळाची. आणि हा निकाल कुणाच्या कानी गेला तर पोरीच्या सोयरिकीत त्याचा विषय निघू शकतो, म्हणून तो कुणाला कळणार हे आधीच सांगायला हवं. टोचण्याची संमती आणि हे सगळं कळून घेण्याची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्मवर दोन वेगळ्या ओळी करता आल्या तर तुमच्या सरांना विचारून पाहा. ‘नाई म्हटलं तरी तुमचा इलाज हाये तसाच होईन’ हे वाक्य मात्र तोंडानं, सहीच्या आधी म्हणा.

त्या आजींकडे परत जाल तेव्हा नवा मथळा वाचून दाखवा. त्यांना तोही जड वाटला आणि त्यांनी दुसरा शब्द सुचवला, तर मला तो जरूर कळवा.