बाल संगोपन योजनेतल्या भाच्याच्या दवाखान्याचा खर्च कोण करतं?

ताई, तुम्ही विचारलंय की बहीण-मेहुणे गेल्यापासून भाचा बीडला तुमच्याकडे आहे, योजनेचे पैसे येतात, पण ऑपरेशनची वेळ आली तर काय?

महिन्याचे ते 2250 रुपये सांभाळासाठी आहेत. त्यात ऑपरेशन बसत नाही, आणि बसवायची गरजही नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. खरी अडचण रेशनकार्डाची, कारण कुटुंबात कोण आहे हे त्यावरूनच बघतात. लेकराचं नाव अजून वडिलांच्या कार्डावर असेल, तर तिथून कमी करून तुमच्या कार्डावर चढवा. तहसीलच्या पुरवठा शाखेत बाल कल्याण समितीच्या (लेकरू तुमच्याकडे सोपवणाऱ्या समितीच्या) आदेशाची झेरॉक्स, जन्मदाखला आणि आधार घेऊन जा. हे काम आजच करा. पोरगं तापानं फणफणलेलं असताना तहसीलच्या चकरा मारणं फार जिवावर येतं. महात्मा फुले योजनेतल्या दवाखान्यात आधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या या योजनेच्या मदतनिसाला गाठायचं, पैसे भरायच्या आधी.

आणखी एक, बरेच जण हे विसरतात: अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. हृदयाला छिद्र, कमी ऐकू येणं, तिरळेपणा, असं काही सापडलं की पुढचे उपचार मोफत. त्या दिवशी शाळा बुडवू देऊ नका. मामा-मावशीकडे, आजीकडे राहणारी लेकरं दुखलं तरी लवकर सांगत नाहीत हो, आपल्यामुळे खर्च नको म्हणून गप्प बसतात. म्हणून अधूनमधून तुम्हीच जवळ घेऊन विचारत जा.